देशोदेशींचें दर्शन : न मावळणारा सूर्य आणि जपलेलें लांकूड

उत्तर ध्रुवाकडील प्रदेशाचें नांव सुशिक्षित मराठी घरांस अगदींच अपरिचित नाहीं. वेदांतील दीर्घ उषेच्या वर्णनांवरून आर्यांचें मूलस्थान तिकडे असावें, असें प्रतिपादन लोकमान्य टिळकांनीं १९०३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत केलें होतें. तो सिद्धान्त आजचे संशोधक मान्य करीत नाहींत. परंतु ज्या आकाशाविषयीं आपल्या वडील मंडळींनीं इतकी चर्चा केली, तें आज प्रत्यक्ष पाहतां येतें. मुलें-नातवंडें परदेशीं असलेल्या पुष्कळ कुटुंबांत हल्लीं युरोपच्या प्रवासाचे बेत होतात. लंडन-पॅरिसच्या पलीकडे उत्तरेस जावयाचें ठरल्यास नॉर्वे व स्वीडन या देशांत काय पाहावें, याचा विचार या वेळीं करूं.

पहिला मान अर्थातच सूर्याचा. नॉर्वेच्या उत्तर टोंकास ७१ अंशांवर नॉर्थ केप नांवाचा कडा आहे. तेथें मेच्या मध्यापासून जुलईअखेरपर्यंत सूर्य मावळतच नाहीं. मध्यरात्रीं समुद्राजवळ उतरतो आणि न बुडतां पुन्हां वर चढूं लागतो. उलट हिवाळ्यांत सुमारें दोन महिने तो क्षितिजावर येत नाहीं. त्या काळांत ट्रोम्सो शहराच्या आसपास आकाश निरभ्र असल्यास हिरवट प्रकाशाचे पडदे हलतांना दिसतात. सूर्यापासून येणारे विद्युद्भारित कण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळल्यानें हा प्रकाश उत्पन्न होतो. हे दोन्ही चमत्कार एकाच सफरींत साधत नाहींत. बरोबर वृद्ध मंडळी व लहान मुलें असतील, तर जून-जुलई हाच काळ सोयीचा.

दुसरें आकर्षण फ्योर्ड नांवाच्या खाड्यांचें. कोंकणांतील खाड्या पाहिलेल्या मनुष्यास प्रथम यांत नवल तें काय, असें वाटेल. परंतु या खाड्या हिमनद्यांनीं डोंगर कोरून केलेल्या दऱ्यांत समुद्र शिरून झाल्या आहेत. त्यांतील सोग्न ही खाडी दोनशें किलोमीटरांहून अधिक लांब असून कोठें कोठें सुमारें १३०० मीटर खोल आहे. म्हणजे आपलें कळसूबाईचें शिखर तींत उभें केलें, तर त्याचा थोडासाच भाग पाण्यावर राहील! या खाडीच्या एका फांट्यावर फ्लॉम हें गांव आहे. तेथें डोंगरावरून उतरणारी आगगाडी वीस किलोमीटरांत साडेआठशें मीटरांहून अधिक खालीं येते.

सूर्य आणि डोंगर यांस राखण्यासाठीं मात्र कोणास कष्ट पडले नाहींत. या देशांचा खरा धडा त्यांच्या लांकडांत आहे. लांकडास आगीचें भय, पाण्याचें भय, किड्याचें भय. तरीहि बोरगुंड येथील लांकडी प्रार्थनामंदिर आठशें वर्षांपूर्वीचें आहे. त्याच्या उतरत्या छपरांवर व्यालमुखें आहेत, आणि पाइन वृक्षापासून काढलेल्या डांबराचा लेप त्यास वारंवार देत आल्यामुळें तें टिकलें. अशा प्रकारचीं जुनीं मंदिरें नॉर्वेंत आतां अठ्ठावीसच उरलीं आहेत.

बर्गन बंदरावरील व्यापाऱ्यांच्या लांकडी वखारी १७०२ सालीं जळाल्या, आणि लोकांनीं त्या जुन्याच धाटणीनें पुन्हां उभारल्या. १९५५ सालीं तेथें पुन्हां आग लागली. त्या जागीं पुढें उत्खनन झालें, तेव्हां रून नांवाच्या प्राचीन लिपींत कोरलेल्या शेंकडों काटक्या मिळाल्या. त्यांत व्यापाराचे निरोप आहेत, प्रार्थना आहेत, आणि एकींत कोणा स्त्रीनें ‘घरीं या’ अशा आशयाचा निरोप धाडला आहे!

स्टॉकहोम येथील वासा हें युद्धनौकेचें संग्रहालय चुकवूं नये. ही नौका १६२८ सालीं पहिल्याच सफरींत, बंदर सोडण्यापूर्वींच, वरचा भार फार झाल्यानें कलून बुडाली. तेथील समुद्र कमी खारट असल्यानें लांकूड पोखरणारा समुद्रकिडा तींत वाढत नाहीं. म्हणून ३३३ वर्षांनीं, १९६१ सालीं, ती जवळजवळ अखंड वर काढतां आली. लांकूड वाळून तडकूं नये म्हणून मेणासारख्या एका द्रव्याचे फवारे तिजवर सतरा वर्षें मारावे लागले. आपलें अपयशहि इतक्या निगेनें जतन करणारें राष्ट्र विरळाच.

याच शहरांत आर्तुर हाझेलियस यांनीं १८९१ सालीं स्कान्सेन हें उघड्यावरील संग्रहालय स्थापिलें. कारखान्यांच्या युगांत खेड्यांतील राहणी नाहींशी होत आहे, हें ओळखून त्यांनीं देशाच्या निरनिराळ्या भागांतील घरें सोडवून आणून तेथें पुन्हां उभीं केलीं. चूल, पाळणा, हातमाग, सर्व कांहीं आपापल्या जागीं आहे.

पुण्यास दिनकर केळकर यांनीं दिवे, अडकित्ते, भांडीं जमवून असेंच कार्य एकट्यानें केलें. पण प्रत्येक घरास केळकर लाभत नाहींत. आज गांवोगांवचे वाडे पाडले जात आहेत. तुळया वखारींत जातात, देव्हारे व पितळी समया मोडींत जातात. उत्तरेकडे जाणाऱ्यांनीं सूर्य अवश्य पाहावा. परंतु परत आल्यावर माळ्यावरील एक तरी जुनी वस्तु उतरवावी, ती कोणाची, कशासाठीं वापरीत, हें आजीस विचारून लिहून ठेवावें. सांगणारें माणूस घरांत आहे, तोंवरच हें होण्याजोगें आहे.