हरल्यावर पुन्हा उठणारी मुले

मोबाइलवरचा गेम हा विषय निघाला की बहुतेक घरांत वादाला तोंड फुटते. अब्बा ओरडतात, अम्मी मोबाइल काढून घेते, मुलगा दार आपटतो. उलव्यासारख्या नव्या वस्तीत हे जास्तच जाणवते. २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत लोकल आली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. इमारती भराभर उभ्या राहिल्या, पण शेजारपाजार जुळायला वेळ लागतो. आईवडील कामावर, मुले वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. मग त्यांचा मोहल्ला मोबाइलमध्येच भरतो. म्हणून 'बंद कर' म्हणण्याआधी मुलांना तिथे काय मिळते, हे आपण समजून घ्यायला हवे.

त्यांना तिथे मिळते ती हरण्याची मुभा. मारिओ खड्ड्यात पडला तर मूल पुन्हा सुरुवात करते. दहा वेळा पडला तरी अकराव्यांदा उडी मारून पाहते. तेच मूल गणित दोनदा चुकले की वही मिटते. असे का होते? गेममध्ये चूक कुठे झाली ते लगेच दिसते आणि पुढची संधीही लगेच मिळते. टोमणा कुणी मारत नाही, मामूच्या मुलाशी तुलना होत नाही. आपण मुलांना सब्र शिकवू पाहतो. त्याची रोजची तालीम ती तिथे करत असतात.

टेट्रिस हा गेम १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी तयार केला. वरून पडणारे ठोकळे रचत राहायचे, एवढाच खेळ. त्याच्या जुन्या निन्टेन्डो आवृत्तीत माणूस शेवटपर्यंत पोहोचूच शकत नाही, असे वर्षानुवर्षे मानले जाई. २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील १३ वर्षांच्या विलिस गिब्सनने १५७वी पातळी गाठली आणि ठोकळे पडायचेच थांबले. त्या एका डावामागे असंख्य हरलेले डाव होते.

चौघांनी मिळून खेळायच्या गेममध्ये आणखी एक धडा मिळतो. एकटाच पुढे पळणारा लवकर बाद होतो. पडलेल्या साथीदाराला उठवायला थांबावे लागते.

पण जिथे पैसा आणि व्यसन शिरते, तिथे हा धडा संपतो. मेहनतीने मिळायची वस्तू आईच्या खात्यातून विकत घेतली, तर मूल सब्र शिकत नाही, उधळपट्टी शिकते. पैसे लावून खेळण्याची तर बातच वेगळी. तो जुगार आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून असे ऑनलाइन गेम चालवण्यावर बंदी घातली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही गेमच्या व्यसनाची आजारांच्या यादीत नोंद केली आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळे मागे पडणे आणि नुकसान दिसूनही न थांबणे, ही त्याची लक्षणे. हे दीर्घकाळ दिसले, तर ओरडण्यापेक्षा डॉक्टरांकडे जाणे शहाणपणाचे.

घरात काय करता येईल? वेळ मिनिटांत न ठरवता डावांत ठरवावी: 'दोन डाव, मग बंद.' ऑनलाइन डाव मध्येच थांबवता येत नाही, त्यामुळे अर्ध्यावर मोबाइल ओढला की भांडण ठरलेलेच. असर ते मगरिबची वेळ मैदानासाठी राखावी. आणि कधीतरी शेजारी बसून विचारावे, 'आज कुठे हरलास? उद्या काय वेगळे करशील?'

हाच प्रश्न मग चाचणीचा पेपर हातात आल्यावरही विचारावा, त्याच आवाजात. गुण कमी पडले तर पुढची परीक्षा आहे. रागात बोललेल्या शब्दाला मात्र दुसरा डाव नसतो, हे मुलांनी आणि आपणही लक्षात ठेवायला हवे. चुकल्यावर पुन्हा उभे राहण्याची जी मुभा मुलांना पडद्यावर मिळते, ती घरातही मिळाली, तर ती पडद्याला कमी चिकटतील, असे आम्हाला वाटते.