घर आणि शाळा : निबंध मुलालाच लिहू द्या



परीक्षेचं वेळापत्रक हाती आलं की घरोघरी गणित-विज्ञानाची उजळणी सुरू होते. मराठीच्या निबंधाची आठवण होते ती मात्र आदल्या रात्री! मग निबंधाचं पुस्तक उघडायचं, चार-पाच निबंधांवर खुणा करायच्या आणि ‘एवढे पाठ कर’ म्हणून सांगायचं. काही घरी तर आईच निबंध लिहून देते आणि मूल तो घोकत बसतं. त्यामागची आईची कळकळ खरीच. पण परीक्षेत विषय जरा फिरवून आला की पाठ केलेलं सगळं कोलमडतं. शिवाय ‘मला माझं काही लिहिताच येत नाही’ हे मुलाच्या मनात पक्कं बसतं, ते वेगळंच. गुण पुढच्या परीक्षेत भरून निघतील, ही समजूत निघायला मात्र फार दिवस लागतात.

‘रेल्वे स्टेशनवरील एक तास’ हा नेहमीचाच विषय घ्या. पुस्तकातल्या निबंधात लाल डगल्यातले हमाल असतात, ट्रंका-वळकट्या असतात, निरोप देताना हलणारे रुमाल असतात. आपल्या डोंबिवलीच्या मुलाने यातलं काय पाहिलेलं असतं? त्याने पाहिलेले असतात इंडिकेटरकडे लागलेले शेकडो डोळे, गाडीचा फलाट बदलला असं कळताच पुलावर उडालेली पळापळ, बायकांच्या डब्यात मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलणाऱ्या मावशी. हे लिहिलं तर निबंध त्याचा होईल आणि तपासणाऱ्या बाईंनाही काही वेगळं वाचल्यासारखं वाटेल.

तेव्हा सुरुवात वहीपासून करू नका, बोलण्यापासून करा. तुम्ही भाजी चिरत असताना मुलाला ओट्याशी बसवा आणि पाचच प्रश्न विचारा : काय दिसलं? काय ऐकू आलं? कसला वास आला? कोण भेटलं? तुला काय वाटलं? मूल सांगेल त्यातले आठ-दहा शब्द त्यालाच एखाद्या पाठकोऱ्या कागदावर टिपू द्या. तुम्ही नोकरीवरून उशिरा येत असाल, तर हे काम आजी-आजोबांकडे किंवा मुलाच्या बाबांकडे सोपवा. ऐकणारं माणूस हवं, मग ते कुणी का असेना!

निबंधाला वजन यावं म्हणून खात्रीची एखादी माहिती त्यात घालता येते. आपल्याला तर ती घराशेजारीच मिळते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी आपल्या ठाण्यालाच आली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. अशी माहिती एका वाक्यात, एकदाच यावी. फोडणीत हिंग किती घालतो, तेवढीच!

यानंतर मुलाला घड्याळ लावून एकट्याला लिहू द्या. दहावीच्या मैत्रिणींनी इथे थोडं गणित करावं. राज्य मंडळाच्या मराठी प्रथम भाषेची कृतिपत्रिका २०२० च्या परीक्षेपासून ८० गुणांची झाली. तिच्यात उपयोजित लेखनाला २४ गुण ठेवले : पत्र किंवा सारांश ६, बातमी-जाहिरात-कथा यांपैकी दोन मिळून १० आणि निबंध ८. तीन तासांत ८० गुण म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. निबंधाला अठरा आणि सगळ्या लेखनाला मिळून चोपन्न मिनिटं होतात. हा विभाग सर्वांत शेवटी असतो, त्यामुळे आधीची उत्तरं लांबली की नेमका त्याच्यावरच घाला येतो. म्हणून अठरा मिनिटांत निबंध संपवण्याची सवय घरीच लागायला हवी. खालच्या इयत्तांचा आराखडा निराळा असतो, तो शाळेत विचारून घ्या.

लिहून झालं की ते मुलालाच मोठ्याने वाचायला सांगा. अडखळलेलं वाक्य त्याचं त्यालाच कळतं. मग तुम्ही पेन्सिल घ्या. लाल पेन नको, आणि एका वेळी तीनच चुकांवर खूण करा. सारं पान रंगवलं तर मूल हिरमुसतं आणि सुधारत काहीच नाही.

शुद्धलेखनाचा एक मोठा नियम तर आपल्या स्वयंपाकघरातच शिकवता येतो. मीठ, पीठ, दूध, तूप, मूग हे शब्द दीर्घ; पण त्यांना प्रत्यय लागला की मिठाचा, पिठात, दुधाला, तुपात, मुगाची असे ऱ्हस्व होतात. डबे काढता-ठेवता दहा शब्द म्हणून घ्या, नियम पाठ होऊन जाईल. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत, जसं शरीर-शरीरात, गीत-गीतात. शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दीर्घ : आई, कवी, गुरू. ‘आणि’, ‘परंतु’ हे अपवाद.

घरात आजी असतील तर कधी गंमत होते. त्या ‘नांव’ आणि ‘कांहीं’ असं टिंब देऊन लिहितात आणि नातवाला चूक काढली म्हणून रागावतात! त्यांच्या शाळेत तेच बरोबर होतं. मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि न उच्चारली जाणारी ही टिंबं गेली. १९७२ मध्ये आणखी भर पडून नियम अठरा झाले. मुलाने नव्या नियमांप्रमाणेच लिहावं, पण आजींचं चुकलं असं म्हणू नये, बरं का! तसंच परीक्षेत ‘असे केले’ लिहायला सुरुवात केली तर शेवटपर्यंत तसंच लिहावं. ‘असं केलं’ हे पात्राच्या तोंडी शोभतं.

शब्द वाढतात ते वाचनाने. आपल्या भागाला त्याची मोठी परंपरा आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. डोंबिवलीकर शं. ना. नवरे यांनी तर आपल्यासारख्याच मध्यमवर्गीय घरांतल्या माणसांच्या कथा लिहिल्या. सुट्टीच्या दिवशी तलावपाळीवर भेळ खायला निघालात की येता-जाता वाचनालयातही डोकवा.

परीक्षेच्या आदल्या रात्री नवा निबंध हाती देऊ नका. मुलाने महिनाभरात स्वतः लिहिलेले तीन-चार निबंध त्यालाच एकदा वाचू द्या, दप्तरात दोन चालणारी पेनं आहेत ना ते पाहा आणि वेळेवर झोपवा. पेपरहून आल्यावर ‘किती गुण मिळतील?’ हे विचारण्याआधी ‘काय लिहिलंस?’ असं विचारा. बघा, किती वेळ सांगत बसतं ते!