फुंकर आणि पुनर्वाचन

नव्वदच्या दशकात ज्यांचे बालपण गेले त्यांना एक विधी पाठ असतो. व्हिडिओ गेम सुरू झाला नाही, की कॅसेट उपसायची, तिच्या उघड्या कडेवर जोरकस फुंकर मारायची आणि ती पुन्हा खाचेत दाबायची. पडद्यावर चित्र उमटले, की श्रेय फुंकरीला. हा विधी कुणी शिकवला नव्हता, तरी तोक्योपासून आपल्या पैठण गेटपर्यंत तो सारख्याच श्रद्धेने पाळला गेला. साहित्याच्या अभ्यासकांनी या विधीकडे गंभीरपणे पाहावे असे आम्हांस वाटते. कारण आपल्या समीक्षेची बरीचशी रीत याच जातीची आहे.

आधी यंत्राविषयी. जपानमध्ये १९८३ साली निन्टेन्डोने फॅमिकॉम हे यंत्र बाजारात आणले. त्याच्या घडणीवर बेतलेली ‘सामुराई’, ‘लिटल मास्टर’ यांसारखी यंत्रे पुढे आपल्याकडे घरोघरी आली आणि दूरचित्रवाणी संचाला जोडली गेली. असे संच औरंगाबादजवळ, पैठण रस्त्यावरील चितेगावच्या व्हिडिओकॉनच्या कारखान्यातही बनत. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. खेळयंत्रे मात्र अजून कुठेकुठे माळ्यावर पडून आहेत आणि कधीतरी कुणीतरी ती खाली काढते. बटण दाबले जाते, आणि काहीच होत नाही.

हे ‘काहीच न होणे’ एका प्रकारचे नसते. दिवा लागत नसेल, तर दोष अडॅप्टरमध्ये, बटणात किंवा आतील विद्युतदाब पाच व्होल्टवर आणणाऱ्या सुट्या भागात शोधावा. दिवा लागतो, पण पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसतात, तेव्हा बहुधा वाहिनी जुळलेली नसते किंवा वायर सैल असते. दिवा आहे, पडदाही स्थिर आहे, पण तो एकरंगी आहे किंवा त्यावर विस्कटलेले चौकोन आहेत, तर मग संशय कॅसेटवर घ्यावा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय घडले ते पाहावे. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर यंत्र सुरू होईलही, पण ते कशाने सुरू झाले हे कधीच कळणार नाही.

फुंकरीचे नेमके हेच होते. या यंत्राला, त्यात खेळ अंगभूत नसतील तर, स्वतःचे सांगण्यासारखे काहीच नसते. वीज मिळताच त्याचा प्रक्रियक एका ठरलेल्या जागी जातो आणि ‘सुरुवात कुठून करू?’ एवढेच विचारतो. उत्तर कॅसेटमध्ये असते आणि ते साठ धातूपट्ट्यांमधून यावे लागते. त्यांतील एखादीवर गंज वा मळ असला, की पत्ता चुकीचा वाचला जातो आणि सारा कार्यक्रम भरकटतो. कॅसेट काढून पुन्हा घातली, की पट्ट्या एकमेकींवर घासतात, मळ थोडा खरवडला जातो, स्पर्श नव्याने जुळतो. काम होते ते या पुनर्स्थापनेने. फुंकरीने श्वासातील ओलावा तेवढा आत जातो, आणि कालांतराने तोच गंज वाढवतो. खुद्द निन्टेन्डोनेही फुंकर मारू नये अशी सूचना दिली होती. खरा उपाय नीरस आहे: कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसणे, ते पूर्ण वाळू देणे, आणि मग कॅसेट बसवणे.

आता आपल्याकडे वळू. एखादी कृती आपल्याशी बोलत नाही, बंद वाटते. आपण ती पुन्हा हाती घेतो आणि घेताघेता तिच्यावर एखाद्या संज्ञेची फुंकर मारतो. अर्थ उजळला, की निबंधात श्रेय संज्ञेला जाते. ‘कोसला’ १९६३ साली आली आणि ‘अस्तित्ववादी’ हे विशेषण तिला कायमचे चिकटले. तिच्या कर्त्याने याच शहरातील विद्यापीठात अध्यापन केले. तरीही इथल्या विद्यार्थ्याच्या वहीत आधी ते विशेषण येते आणि मनीच्या मृत्यूचा भाग मागाहून. वस्तुतः तो भाग दुसऱ्यांदा सावकाश वाचताना निवेदकाचा उपहास कुठे गळून पडतो हे दिसते, आणि कादंबरी तिथे सुरू होते. ते काम पुनर्वाचनाचे. विशेषण फक्त त्या वेळी हजर होते.

यावर आक्षेप येईल, की सिद्धान्ताच्या निमित्ताने का होईना, पुस्तक पुन्हा उघडले गेले ना? आक्षेपात तथ्य आहे. फुंकर मारायची म्हणूनच कॅसेट बाहेर निघत असे. पण निमित्ताला कारण समजण्याची किंमत असते. संज्ञांचा ओलावा पट्ट्यांवर साचत जातो. पुढच्या पिढीला कृतीऐवजी तिच्यावरचा गंजच आधी वाचावा लागतो.

नीरस उपायाची परंपरा आपल्याला परकी नाही. इथून जवळच, पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. एवढा समर्थ कवी स्वतःची भर घालू शकला असता. त्याने मधल्या काळात साचलेले पाठ दूर केले. पुसणे हे निर्मितीहून कमी प्रतीचे काम आहे, असे त्याला वाटले नाही.

आमचा आग्रह एवढाच, की पदव्युत्तर वर्गात निदान एक सत्र दोषशोधनाला द्यावे. कृती अर्थ देत नाही तेव्हा अडथळा नेमका कुठे आहे: शब्दार्थात, संदर्भात, मुद्रित पाठात, की आपल्या घाईत? एका वेळी एकच शंका तपासावी. संज्ञेने जे उजळले असे वाटते, ते संज्ञा बाजूला ठेवूनही उजळते का, हे पडताळावे. जे तरीही उजळेल, तेच वहीत उतरवावे.