लास्ट ऑर्डर झाली, आता उठा की!

सबमिशन संपलंय. सहा जण, भूक प्रचंड, खिशात प्रत्येकी दोन-अडीचशे रुपये. अकरा वाजायला आलेत. कॉलेजचं कॅन्टीन संध्याकाळीच झोपलंय, टपरीवाल्याने स्टोव्ह बंद केलाय. अशा वेळी तुम्ही कुठे जाता? मला माहितेय. जिथे एसी आहे, मेन्यू पाठ आहे आणि बिल किती होणार हे आत शिरण्याआधीच कळतं, तिथे. स्टेशनबाहेरच्या नाहीतर मॉलखालच्या त्या चेनमध्ये.

आणि खुशाल जा. ‘आजची पिढी रात्री-अपरात्री बाहेर खाते’ छाप लेक्चर मी देणार नाहीये. आम्हा मुलींना रात्री अकराला निवांत बसता येईल अशा जागा किती आहेत, सांगा ना? इथे वॉशरूम असतं, उजेड असतो, कुणी टक लावून बघत नाही. बुर्जीपावची गाडी मलाही आवडते, पण तिथे उभं राहून ग्रुप प्रोजेक्टवरचं भांडण मिटत नाही.

माझी तक्रार आहे ती आत शिरल्यानंतर आपण काय करतो याबद्दल.

टी.वाय.ची परीक्षा झाल्यावर अडीच महिने मी ठाण्यात अशाच एका चेनमध्ये काम केलं. सव्वाअकराला लास्ट ऑर्डर, साडेअकराला शटर. मला आधी वाटायचं शटर पडलं की सुटलो. छे! फ्रायरचं तेल गाळायचं, ग्रिल घासायची, सॉसचे डबे रिकामे करून धुवायचे, उरलेला माल मोजून लिहायचा, कॅश जुळवायची, खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकून मॉप मारायचा. कमीत कमी सव्वा तास. म्हणून सगळे साडेदहापासूनच हळूहळू आवरायला लागतात. दोनातला एक फ्रायर बंद करून लख्ख करून ठेवतात. आणि मग अकरा वाजून चौदा मिनिटांनी सहा जणांचा ग्रुप येतो. सहा फ्राइज! लख्ख केलेला फ्रायर पुन्हा सुरू. अकरा वीसला एक जण काउंटरवर येऊन म्हणतो, ‘दादा, एक ब्राउनी पण मिळेल ना?’

हा ‘दादा’ बदलापूरला राहायचा, वय एकवीस. त्याला शेवटची कर्जत पकडायची असायची. ती गेली की पहाटेच्या पहिल्या लोकलपर्यंत प्लॅटफॉर्मचा बाक. माझ्या अडीच महिन्यांत हे किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण सकाळच्या लेक्चरला तो झोपलेला असायचा हे त्याच्याच तोंडून ऐकलंय. हो, तोही कॉलेजला होता. आपल्यासारखाच.

आम्हा मुलींना गाडी होती. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षा हवी, घरी सोडायची सोय हवी. मुलांनी मात्र आपापलं बघायचं. जानेवारी २०२०मध्ये मुंबईत मॉल आणि मिल कंपाउंडमधली हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी मिळाली, तेव्हा मी शाळेत होते आणि ‘नाइटलाइफ’ या शब्दानेच हरखून गेले होते. लोकल रात्री एकच्या सुमारास थांबते ती पहाटेपर्यंत, आणि वाढणाऱ्यालाही घर असतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं असतं?

‘पण उघडं आहे म्हणजे आपला हक्क आहे ना?’ माझा मित्र वाद घालतो. आहे की! सव्वाअकरापर्यंत ऑर्डर द्यायचा पूर्ण हक्क. सव्वाबारापर्यंत रील्स बघत बसायचा नाही. गंमत बघा, सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही हे २०२२च्या मार्गदर्शक सूचनांपासून आपल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. बिलावर दिसला की आपण लगेच वकील होतो. ओव्हरटाइमला दुप्पट पगार द्यावा लागतो हे वरच्याच कायद्यात आहे, ते किती जणांना माहितेय? आमचं पंच-आउट बाराला व्हायचं आणि काम पाऊणला संपायचं. मधल्या पाऊण तासाचं काय, हे मी एकदा विचारलं. ‘टीम स्पिरिट’ असं उत्तर मिळालं.

तेव्हा मोठा दोष चेनचाच. आवरायचा वेळ शिफ्टमध्ये धरा, दारावर लास्ट ऑर्डरची वेळ ठळक लिहा, शेवटची गाडी गाठता येईल अशी ड्युटी लावा. पण ते होईपर्यंत आपल्याला एवढं तर जमेल? सगळं एकदाच मागवा. खाऊन झालं की ट्रे उचलून ठेवा. गप्पा स्टेशनपर्यंत चालत मारा.

सोपं नाहीये, कबूल. गेल्या महिन्यात एका मैत्रिणीच्या बर्थडेला आम्ही अकरा पाचला एका चेनमध्ये घुसलो. पावणेबाराला केक अर्धाच कापला होता. सहज वर बघितलं तर कोपऱ्यात एक मुलगा मॉपच्या दांड्यावर हनुवटी टेकून मोबाइल बघत उभा. स्क्रीन लांबूनही ओळखू आली. एम-इंडिकेटर.

मी केकचा बॉक्स बंद केला.

‘अगं, फोटो राहिलेत!’ बर्थडे गर्ल वैतागली.

फोटो बाहेर फुटपाथवर काढले. जरा अंधारे आलेत.