हप्ता हीसुद्धा अमानत

देवगाव फाट्यावर एका पालकाने विचारले, "सर, बिनव्याजी सोसायटीतली रोकड संपली तर?"

प्रश्न रास्त आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेची कर्जे अडकली आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त १००० रुपये काढता आले. एरवी रोकड कमी पडली, तर साधी बँक दुसऱ्या बँकेकडून एका रात्रीपुरते व्याजाने पैसे उचलते. इस्लामी बँकेला ते जमत नाही. मलेशियात १९९४ पासून अशा बँका नफ्याच्या वाट्यावर एकमेकींना रोकड देतात. आपल्या छोट्या सोसायट्यांना तो आधार नाही. त्यांची भिस्त दोनच गोष्टींवर: राखून ठेवलेली रोकड आणि वेळेवर येणारा हप्ता.

व्याज नाही म्हणून हप्ता लांबवू नका. त्यात कुणाचा तरी दवाखाना अडकतो.