रुबी मायर्स बोलायला शिकली होती

'बोलपट आला आणि सुलोचना संपली.' हे वाक्य पुन्हा एका लेखात वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. लिहिणाऱ्याने निदान सालं तरी पडताळायची होती!

ही सुलोचना म्हणजे लाटकर नव्हेत. ही त्यांच्या आधीची, 1907 साली पुण्यात जन्मलेली, बगदादी ज्यू घरातली रुबी मायर्स. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून सिनेमात आली आणि मूकपटांची राणी झाली. 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'त तिने एकटीने आठ भूमिका केल्या.

14 मार्च 1931 ला गिरगावात मॅजेस्टिक थिएटरला आपला पहिला बोलपट 'आलम आरा' लागला. काढला इंपीरियलने, म्हणजे सुलोचना जिथे काम करायची त्याच कंपनीने. नायिका मात्र झुबेदा. का, तर सुलोचनाची हिंदुस्तानी कच्ची. अहो, नायक मास्टर विठ्ठलची तरी कुठे पक्की होती? त्याचे संवाद कमी करून त्याला निभावून नेलं. हिला घरी बसवलं.

ती रडत बसली नाही. कामातून बाजूला झाली, भाषा शिकली आणि 1932 मध्ये स्वतःचाच मूकपट 'माधुरी' बोलता करून परतली. तेव्हाचं ध्वनिमुद्रण म्हणजे काय होतं? 'आलम आरा'च्या वेळी स्टुडिओजवळून आगगाड्या जात, म्हणून रात्री उशिरा चित्रण चाले. माइक नटांच्या आसपास कुठेतरी दडवलेला. नंतर आवाज भरायची सोय नाही. बोललात ते तिथेच, तेव्हाच. डोळ्यांनी आणि धावपळीने पडदा गाजवलेल्या बाईला आता माइकच्या टप्प्यात राहून, नव्याने शिकलेल्या भाषेतला शब्दन् शब्द नीट उच्चारायचा होता. तिने तो उच्चारला. 'इंदिरा एम.ए.' 1934, 'अनारकली' 1935, 'बंबई की बिल्ली' 1936. संपलेल्या नटीची ही कामं म्हणायची?

पुढे गाणाऱ्या नायिका आल्या, 1938 मध्ये इंपीरियल बंद पडली, तिची तिशी उलटली. तिशी उलटलेल्या नायिकेचं आपला सिनेमा काय करतो ते मी वेगळं सांगायला नको. खापर मात्र फोडलं तिच्या जिभेवर. तिचे बहुतेक मूकपट आपण जपलेच नाहीत, त्यामुळे आज कुणीही उठून काहीही ठोकून देतो.

फाळके पुरस्कार तिला मिळाला 1973 सालचा. त्याआधी 1953 मध्ये पुन्हा 'अनारकली' निघाला. 1928 च्या मूकपटात आणि 1935 च्या बोलपटात जी स्वतः अनारकली होती, तिला या वेळी सलीमच्या आईचं काम मिळालं. तेही तिने केलं.