'शकणे'चे अतिक्रमण

चाकणच्या एका कारखान्यात नोकरीस लागलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्याने मध्यंतरी यंत्राशेजारच्या फलकावरील एक वाक्य आम्हांस वाचून दाखविले : 'दोष आढळल्यास ऑपरेटर लाइन थांबवू शकतो.' त्याचा प्रश्न साधा होता. थांबविणे त्याच्या हातात आहे, की थांबविण्याची त्याला परवानगी आहे? बटण तर समोरच आहे. प्रश्न ते दाबल्यावर सुपरवायझर काय म्हणेल, हा आहे.

मूळ इंग्रजी सूचनेत 'मे' होते. वाहनउद्योगाच्या पुरवठादारांसाठीचे आयएटीएफ १६९४९ हे मानक ज्यावर उभे आहे, त्या आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीने प्रास्ताविकातच अर्थ बांधून दिले आहेत : 'शॅल' म्हणजे बंधन, 'शुड' म्हणजे शिफारस, 'मे' म्हणजे परवानगी आणि 'कॅन' म्हणजे शक्यता वा क्षमता. रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूस परवानगीही 'कॅन'नेच मागतो. तेव्हा ही भिंत मुद्दाम घालावी लागली असणार. मराठीत येताना मात्र दोन्ही शब्द 'शकणे'च्या एकाच दारातून आत आले.

याचा दोष भाषांतरकारापेक्षा आम्हां इंग्रजी शिकविणाऱ्यांकडे अधिक जातो. 'कॅन' म्हणजे शकणे आणि 'मे' म्हणजेही शकणे, हे फळ्यावर आम्हीच लिहितो. वास्तविक 'मला चालवत नाही' म्हणणारा थकलेला असतो, 'मला पोहता येत नाही' म्हणणारा ते शिकलेला नसतो, तर 'मी येऊ शकत नाही' म्हणणारा बहुधा कशाने तरी अडलेला असतो. यांतल्या पहिल्या रूपाला आपल्या व्याकरणात शक्य क्रियापद असे स्वतंत्र नाव आहे. परवानगी मागायला तर सहायक क्रियापदही लागत नाही, 'आत येऊ?' एवढ्याने भागते. (तरी मराठी माध्यमाच्या वर्गाच्या दारातही 'मे आय कम इन, सर' हेच ऐकू येते, ते असो.)

नकारात घोटाळा आणखी वाढतो. 'धिस पार्ट मे नॉट फिट' याचे 'हा भाग बसू शकत नाही' असे भाषांतर आम्ही उत्तरपत्रिकांत कितीदा तरी पाहिले आहे. इंग्रजी वाक्य शंका व्यक्त करते, मराठी वाक्य निकाल देते. 'हा भाग कदाचित बसणार नाही' असे लिहिताच शंका शंकाच राहते. कारण इथे नकार बसण्याला आहे, शक्यतेला नाही.

फलकासाठी आम्ही वाक्य सुचविले : 'दोष आढळल्यास ऑपरेटरने न विचारता लाइन थांबविण्यास हरकत नाही.' विद्यार्थी हसला. इतके स्पष्ट लिहिलेले वरच्यांना चालेल का, अशी त्याला शंका होती. संदिग्ध 'शकतो' कोणाच्या सोयीचा असतो, हे तो आमच्याआधी ओळखून होता.

येत्या सत्रात 'मे'चा धडा आम्ही इंग्रजीपासून सुरू करणार नाही. 'करवते', 'करता येते', 'करू दिले' आणि 'केले तरी चालेल' ही चार रूपे आधी फळ्यावर येतील.